क्वार्टरबॅकला शिव्या घालायच्या आधी पुढचे पाच जण बघा: ऑफेन्सिव्ह लाइन वाचायची कशी

अमेरिकन फुटबॉल नवीन नवीन बघायला लागलं की सगळ्यांचं एकच होतं, नजर बॉलच्या मागे फिरते. स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे दिला, की तो घेऊन फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे (क्यूबी), त्याने फेकला की पकडणाऱ्या रिसीव्हरकडे, आणि कॅमेरा पण तेच दाखवतो त्यामुळे आपलं काही सुटतंय असं वाटतच नाही. मग सॅक झाला, म्हणजे फेकायच्या आधीच त्याला पाडलं, की क्यूबी बेकार, पास पोचला की क्यूबी ग्रेट, लागला निकाल. आमचा इंदूरचा एक ग्रुप आहे, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर असे सगळीकडचे मराठी लोक आहेत त्यात, रविवारी रात्रीची मॅच सुरू झाली की पहिल्याच क्वार्टरमध्ये कोणीतरी टाकतं "अरे भिया बदला याला, याच्या बसचं नाहीये हे", आणि नंतर रिप्ले नीट बघितला तर दिसतं की त्याच्या अंगावर दोन धिप्पाड माणसं दीड सेकंदात येऊन पडली होती, त्याने करायचं काय होतं?

माझं मत एकदम स्पष्ट आहे. क्यूबी चांगला की वाईट हे ठरवायच्या आधी त्याला किती वेळ मिळाला आणि उभं राहायला किती जागा मिळाली हे बघायलाच पाहिजे, आणि त्या दोन्ही गोष्टी पुढच्या पाच जणांच्या हातात असतात ज्यांची नावं पण कोणाला पाठ नसतात. ते बघायचे कसे तेवढंच इथे लिहितोय. डाउन आणि यार्डचा हिशोब कळत असेल तर बाकी काही यायची गरज नाही.

आधी पाच जण ओळखून घ्या. मधला सेंटर, तो बॉल मागे देतो. त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड आणि गार्डच्या बाहेर टॅकल, म्हणजे डावीकडून लेफ्ट टॅकल, लेफ्ट गार्ड, सेंटर, राइट गार्ड, राइट टॅकल. जर्सी नंबर ५० ते ७९ मधले असतात, वजन बहुतेकांचं १३५-१४० किलोच्या वर. हे लोक पुढे फेकलेला पास पकडू शकत नाहीत, म्हणजे ज्या गोष्टींनी माणूस स्टार होतो त्यातलं यांच्या वाट्याला काहीच येत नाही, काम फक्त अडवायचं. नियम पण पूर्वी फार कडक होते, १९७८ मध्ये एनएफएलने, म्हणजे तिथल्या मुख्य लीगने, लाइनमनला हात लांब करून पंजे उघडून ब्लॉक करायची परवानगी दिली आणि तिथून पासिंगचा खेळ खरा मोठा झाला. अजूनही जर्सी धरून ओढलं तर होल्डिंगचे १० यार्ड जातात, आणि स्नॅपच्या आधी नुसतं हललं तरी फॉल्स स्टार्टचे ५.

आता बघायला सुरुवात कशी करायची. मॅचच्या पहिल्या एक-दोन ड्राइव्ह, म्हणजे एका टीमकडे सलग बॉल असतो ते डाव, बॉल बघायचाच नाही असं ठरवा. अवघड जातं, पण करा. स्नॅपला डोळे लेफ्ट टॅकलवर ठेवा, पुढच्या प्लेला राइट टॅकलवर, मग मधल्या तिघांवर, आणि पास पोचला का ते कॉमेंटेटर सांगेलच, शिवाय रिप्ले आहेच. रिप्लेमध्ये गोलपोस्टच्या मागून घेतलेला जो अँगल असतो ना, क्यूबीच्या पाठीमागून दिसणारा, तो आला की बाकी सगळं सोडून तो बघा, कारण साइडच्या कॅमेऱ्यात पाच जण एकमेकांच्या मागे लपतात आणि मागून बघितलं की कोणाच्या मधून फट पडली ते स्वच्छ दिसतं.

बरोबरीने मनात मोजायचं. स्नॅप झाला की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन", नेहमीच्या स्पीडने म्हटलं तर साधारण एकेक सेकंद होतो. एकशे दोन म्हणून होत नाही तोवर क्यूबीला हलावं लागलं तर बहुतेक वेळा लाइन हरली असं समजा. एकशे तीन पूर्ण होऊन गेलं आणि हा अजून बॉल धरूनच उभा असेल तर आता जबाबदारी हळूहळू त्याच्याकडे सरकायला लागली. ईएसपीएन लाइनचा पास ब्लॉक विन रेट काढतं त्यात पण अडीच सेकंदांचीच रेषा आहे, तेवढा वेळ समोरच्याला अडवून धरलं तर ब्लॉकर जिंकला. अडीच सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण समोरून तुफान वेगाने येणाऱ्या माणसाला तेवढा वेळ अडवायचं म्हणजे काय ते एकदा जवळून बघा.

एक लेफ्ट टॅकल घ्या. समोर थोडा बाहेरच्या बाजूला एज रशर, म्हणजे कडेने क्यूबीवर धावून येणारा, वाकून उभा आहे, हात जमिनीला टेकलेला. स्नॅप होतो, टॅकल बाहेरचा डावा पाय मागे तिरका टाकतो, उजवा पाय त्याच्या मागे ओढून आणतो, परत डावा, परत उजवा, याला किक स्लाइड म्हणतात, आणि हे सगळं मागे मागे जाताना कंबर खाली, पाठ सरळ, छाती रशरकडे. पाय एकमेकांना क्रॉस झाले की संपलं. मग येतो हातांचा क्षण, दोन्ही पंजे रशरच्या छातीवर आतल्या बाजूने मारायचे, लवकर मारले तर तो हात झटकून बाजूने निघून जातो, उशीर झाला तर तोच आधी तुमच्या छातीत हात घालतो आणि उचलत मागे नेतो, त्याला बुल रश म्हणतात. इंदूरात ज्यांनी आखाड्यातली कुस्ती बघितली आहे त्यांना हे सांगायला नको, जो वर उभा राहिला तो उचलला गेला, इथेही ज्याची कंबर खाली तो टिकला. फरक एवढाच की हा सगळा वेळ टॅकल उलटा चालतोय आणि समोरचा सरळ पळतोय, आणि मागे क्यूबी नक्की कुठे आहे ते त्याला दिसत पण नाही.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा कारण अर्धी भांडणं इथेच मिटतात. टॅकलला दिसत नाही, तो क्यूबी ठराविक जागी असेल असं धरून ब्लॉक करतो, साधारण सात ते नऊ यार्ड मागे. त्याचा प्लॅन रशरला थांबवायचा असतोच असं नाही, बरेचदा तो रशरला बाहेरून गोल फिरवत क्यूबीच्या मागून जाऊ देतो आणि क्यूबीने एक पाऊल पुढे टाकून पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनने राखलेल्या मोकळ्या जागेत, शिरायचं असतं. आता क्यूबी घाबरून दहा-बारा यार्ड मागे गेला तर तोच रशर, ज्याला टॅकलने एकदम बरोबर बाहेर ढकललं होतं, तो सरळ क्यूबीच्या अंगावर. टीव्हीवर वाटतं टॅकलने माणूस सोडला. त्यामुळे एजवरून सॅक झाला की रिप्लेमध्ये आधी क्यूबी किती खोल गेला ते मोजा, दर पाच यार्डाला रेषा असतेच मैदानावर, त्याच्यासाठी काही एक्सपर्ट व्हायला लागत नाही.

मधून येणारं प्रेशर मात्र वेगळी गोष्ट आहे आणि माझ्या मते जास्त घातक. एजवरून कोणी आला तर पुढे सरकायला जागा असते. सेंटर किंवा गार्ड मागे ढकलला गेला तर पुढचीच जागा गेली, पाय टाकायला जागा नाही, समोरचं दिसत नाही, फेकताना हात अडतो. रॅम्सचा रशर ॲरन डोनाल्ड इतका भयंकर का होता ते यातच आहे, तो मधून यायचा. १३ फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल आठवा, रॅम्स २३, बेंगल्स २०, शेवटी फोर्थ अँड वन आणि डोनाल्ड आतून शिरून बेंगल्सचा क्यूबी जो बरो याला धरून गरकन फिरवतो, बॉल कसातरी सुटतो आणि जमिनीवर पडतो, मॅच तिथेच संपली. त्या मॅचमध्ये बरोला ७ वेळा सॅक केलं होतं.

आता सॅक कोणाच्या नावावर टाकायचा. मी तर आधी माणसं मोजतो. ब्लॉक करायला थांबलेले किती आणि धावून आलेले किती. पाच ब्लॉकर आणि सहा रशर असतील तर सहावा मोकळाच राहणार, गणितच तसं आहे, आणि त्या सहाव्याची जबाबदारी क्यूबीची असते, त्याने स्नॅपच्या आधी ओळखून बॉल पटकन सोडायचा, ज्याला हॉट म्हणतात. तुम्ही बघितलं असेल, स्नॅपच्या आधी सेंटर किंवा क्यूबी बोट दाखवून ओरडतो, अमुक नंबर माइक आहे, ते याचसाठी, त्या एका लाइनबॅकरवरून, म्हणजे समोरच्या रशरच्या मागे उभ्या असलेल्या माणसावरून, कोण कोणाला धरणार ते सगळ्यांचं ठरतं. तिथे चुकीचा माणूस दाखवला तर नंतर पाचही जणांनी आपापलं काम बरोबर केलं तरी एक जण मोकळा सुटतो. पण उलटं, आलेत चारच, अडवायला पाच आहेत आणि तरी दोन सेकंदात क्यूबी खाली, तर तिथे लाइनला सोडायचं नाही, हे त्यांच्याच खात्यात जाणार.

त्यातही स्टंट बघायला शिका. दोन रशर आपसात जागा बदलतात, एक आत घुसून गार्डला टॅकलच्या अंगावर लोटतो आणि दुसरा त्याच्या मागून फिरून मोकळ्या फटीतून येतो. इथे गार्ड आणि टॅकलने माणसं अदलाबदल करायची असतात, माझा तू घे तुझा मी घेतो, आणि ते अर्ध्या सेकंदात, न बोलता. दोघं बरेच महिने शेजारी खेळलेले असतील तर जमतं, गेल्याच आठवड्यात कोणीतरी नवीन आलेला असेल तर दोघंही एकाच माणसाला धरून बसतात आणि दुसरा आरामात आत येतो. असं दिसलं की समजून जा की जोडी नवीन आहे, समोरचा कोच पण ते बघतोय आणि तेच परत करणार.

क्यूबीच्या बाजूने किती फरक पडतो याचं माझं आवडतं उदाहरण डॅन मरिनो. १९८८ च्या पूर्ण सीझनमध्ये ६०६ पास फेकले आणि सॅक झाला फक्त ६ वेळा. लाइन चांगली होतीच पण त्याचा हात इतका फास्ट होता की रशर पोचायच्या आत बॉल गेलेला असायचा. उलट बाजूला सॅम डार्नल्डची जानेवारी २०२५ ची प्लेऑफ मॅच बघा, त्याच्या वायकिंग्सनी सीझनमध्ये १४ मॅच जिंकलेल्या, आणि रॅम्सनी त्याला एका मॅचमध्ये ९ वेळा पाडलं. मूळचा लेफ्ट टॅकल क्रिस्टियन डॅरिसॉ ऑक्टोबरपासून जखमी होऊन बाहेर, ते कारण खरं आहे, पण त्या नऊमध्ये असे पण आहेत जिथे तुम्ही एकशे तीनच्या पुढे मोजत राहता आणि तो बॉल धरूनच उभा. दोघांची चूक. असं निम्मं निम्मं पण निघतं आणि तसंच मान्य करायचं, ओढूनताणून एकावर टाकायचं नाही.

हे सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर ७ फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल परत बघा, चीफ्स विरुद्ध बकनिअर्स. आपल्याकडे तो सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो, त्यामुळे पोहे-जलेबीच्या वेळेपर्यंत निकाल लागलेला असतो. चीफ्सचा क्यूबी पॅट्रिक महोम्स तेव्हा फुल फॉर्ममध्ये, आदल्या वर्षीचा चॅम्पियन. पण त्याचे दोन्ही मूळ टॅकल बाहेर होते, एरिक फिशरचं अकिलीस, म्हणजे टाचेमागची शीर, आधीच्याच मॅचमध्ये फाटलं होतं आणि मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने गेलेला. गार्ड लॉरां डुवर्ने-टार्डिफ डॉक्टर आहे, तो तर पूर्ण सीझन सोडून कॅनडात कोविडच्या कामाला गेला होता. मग राइट टॅकलला खेळणारा माइक रेमर्स लेफ्टला आणला, गार्ड अँड्र्यू वायलीला राइट टॅकलला टाकलं, म्हणजे एका दुखापतीमुळे दोन-तीन जागा हलल्या. बकनिअर्सनी ब्लिट्झ, म्हणजे जास्तीचे रशर पाठवणं, फारसा केलाच नाही, चार जण पाठवले आणि सात जण मागे कव्हरला ठेवले. महोम्सवर ५६ ड्रॉपबॅकमध्ये, म्हणजे फेकायला मागे गेला तेव्हा, २९ वेळा प्रेशर आलं, सुपर बोलचा रेकॉर्ड होता तो. सॅक झाले ३ च. हे इथे थांबून नीट समजून घ्या, नुसता सॅकचा आकडा बघणारा म्हणेल तीनच तर आहेत, पण तो पूर्ण मॅच मागे मागे आणि बाजूला पळत होता, एकदा तर जमिनीला समांतर हवेत आडवा असताना फेकलेला बॉल रिसीव्हरच्या हेल्मेटवर जाऊन आदळला आणि तरी पास पूर्ण झाला नाही. चीफ्सना एकही टचडाउन मिळाला नाही, ३१-९.

चीफ्सनी त्याच उन्हाळ्यात काय केलं ते जास्त महत्त्वाचं. क्यूबी तोच, कोच तोच, लाइन बदलून टाकली. टॅकल ओर्लँडो ब्राउन ज्युनियर ट्रेडमध्ये आणला, गार्ड जो थूनी याला मोठा पगार देऊन घेतला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातली नवी पोरं निवडतात तिथे, दुसऱ्या राउंडला सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या राउंडला गार्ड ट्रे स्मिथ. दोन वर्षांनी १२ फेब्रुवारी २०२३ ला समोर ईगल्स, ज्यांनी त्या सीझनमध्ये ७० सॅक केले होते, आणि त्या मॅचमध्ये त्यांना सॅक मिळाले शून्य. महोम्सचा घोटा दुखावलेला, तरी ३८-३५ जिंकले. मैदान घसरडं होतं आणि त्याचा त्रास रशरना झाला हे पण धरलं पाहिजे, पण राइट टॅकलला तोच वायली होता बरं का, फक्त आता त्याच्या शेजारी धड माणूस उभा होता. मग फेब्रुवारी २०२५, परत ईगल्स, यावेळी चीफ्सकडे भरवशाचा लेफ्ट टॅकल नाही म्हणून गार्ड थूनीलाच तिकडे सरकवलेलं, त्यामुळे गार्डची जागा पण कच्ची झाली, ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ न करता ६ सॅक काढले, हाफटाइमला २४-०, शेवटी ४०-२२. एकच क्यूबी, तीन लाइन, तीन निकाल. कोणी विचारलं की लाइनने एवढा काय फरक पडतो तर मी हेच तीन सुपर बोल सांगतो.

थूनीच्या जागेची गोष्ट सांगितली कारण लोक अजून एक चूक करतात, एक मोठं नाव बघून म्हणतात यांची लाइन भारी आहे. लाइनचं तसं नसतं, रशर सगळ्यात कच्च्या जागेतूनच येतो. जो थॉमस, क्लीव्हलंड ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल, २००७ पासून सलग १०,३६३ स्नॅप खेळला, एकही न चुकवता, २०२३ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि त्याच्या पूर्ण करिअरमध्ये ब्राउन्स प्लेऑफला एकदाही पोचले नाहीत. त्याच्या मागे क्यूबी येत राहिले आणि जात राहिले. हा माणूस मला फार आवडतो, अशा टीममध्ये दहा-अकरा वर्षं रोज तेच काम तितक्याच जिवाने करायचं ही साधी गोष्ट नाही.

लेफ्ट टॅकलला सगळ्यात जास्त भाव का, तर उजव्या हाताने फेकणारा क्यूबी फेकायला वळला की डावी बाजू त्याच्या पाठीकडे जाते, तिथून येणारा दिसत नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये लॉरेन्स टेलरने क्यूबी जो थाइसमन याला पाडलं, पाय मोडला आणि करिअरच संपलं, त्यानंतर ही भीती सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली. तुआ टागोवायलोआसारखा डावखुरा असेल तर उलटं, तिथे राइट टॅकलवर नजर ठेवायची.

खराब लाइनचं नुकसान त्या एका प्लेपुरतं नसतं, क्यूबी हळूहळू बिघडतो, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं कारण यात तरुण पोरं वाया जातात. कसं ओळखायचं सांगतो. क्यूबीचे डोळे बघा, चांगल्या पॉकेटमधला क्यूबी दूर बघत असतो, रिसीव्हरकडे. मार खाल्लेल्याचे डोळे खाली येतात, तो रशरकडे बघायला लागतो, मग पाय नाचायला लागतात, पुढच्या पायावर वजन न देता मागच्या पायावरून फेकतो आणि बॉल वर जातो किंवा कमी पडतो. पुढे पुढे असं होतं की प्रेशर नसताना पण तो तसंच करतो. क्यूबी डेव्हिड कार २००२ ला ड्राफ्टमध्ये पहिला गेला, ह्यूस्टन टेक्सन्स नवीकोरी टीम होती, लाइनसाठी त्यांनी टॅकल टोनी बोसेली घेतला होता पण खांद्यामुळे तो त्यांच्याकडून एकही मॅच खेळू शकला नाही, आणि कारला त्या एका सीझनमध्ये ७६ वेळा सॅक केलं, रेकॉर्ड आहे. २००५ मध्ये परत ६८. त्या पोराचं पुढे काय होऊ शकलं असतं ते कोणाला कधीच कळणार नाही. डार्नल्ड पण २०१९ मध्ये जेट्सकडे असताना पेट्रियट्ससमोर ३३-० हरताना माइकवर म्हणाला होता की मला भुतं दिसतायत, त्याच माणसाने चांगल्या टीममध्ये गेल्यावर १४ मॅच जिंकून दाखवल्या. कोल्ट्सचा क्यूबी अँड्र्यू लक, त्याचं तर अजून वाईट, वर्षानुवर्षं मार खाल्ला, खांद्यामुळे पूर्ण २०१७ गेलं, मग कोल्ट्सनी २०१८ ला गार्ड क्वेंटन नेल्सन सहाव्या नंबरवर घेतला आणि त्या सीझनमध्ये लक फक्त १८ वेळा सॅक झाला, ३९ टचडाउन फेकले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी रिटायर. लाइन आली तोवर शरीर थकलं होतं.

म्हणूनच ड्राफ्टच्या वेळी आमच्याकडे दरवर्षी तेच भांडण, रिसीव्हर घ्यावा की टॅकल. २०२१ ला बेंगल्सनी पाचव्या नंबरवर रिसीव्हर जामार चेस घेतला, टॅकल पेनाय सूएल सातव्याला लायन्सकडे गेला. बरो त्याच्या आधीच्या सीझनमध्ये गुडघा फाटून बाहेर झालेला, म्हणजे टॅकल घ्यायचं कारण समोर दिसत होतं. चेसमुळे ते त्याच वर्षी सुपर बोलला पोचले हे खरं, आणि त्या सीझनमध्ये बरो रेग्युलर सीझनलाच ५१ वेळा पडला हे पण खरं. मी टॅकलवालाच आहे, पण इथे चेस घेणं चूक होतं असं मला म्हणता येत नाही, चूक ही झाली की बाकीच्या जागा भरल्या नाहीत. बेअर्सनी केलेलं मला जास्त पटतं, त्यांचा क्यूबी केलेब विल्यम्स २०२४ ला रूकी, म्हणजे पहिल्याच वर्षी, असताना ६८ वेळा सॅक झाला आणि लगेच त्यांनी आतल्या तिन्ही जागा बदलल्या, थूनी, जोना जॅक्सन आणि सेंटर ड्रू डालमन.

काही वेळा लाइन कच्ची असते पण सॅक दिसत नाहीत, मग कसं कळणार? बाकीच्या प्लेयरवरून. टाइट एंड (टॅकलच्या शेजारचा, अडवतो पण आणि पकडतो पण) आणि रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) पास पकडायला जायच्या आधी टॅकलच्या शेजारी थांबून रशरला धक्का देऊन जात असतील, ज्याला चिप म्हणतात, किंवा जातच नसतील तर कोच लाइनला मदत पाठवतोय. मदत फुकट नसते, सात जण ब्लॉकिंगला थांबले की रूट, म्हणजे पास पकडायच्या ठरलेल्या वाटा, पळायला उरतात तिघं, आणि त्या तिघांना कव्हर करायला समोर सात जण. मग क्यूबी बॉल धरून बसतो कारण मोकळा कोणी नाहीच, आणि आपण म्हणतो याला दिसत नाही का. तसंच सारखे स्क्रीन पास (लाइनच्या मागेच दिलेले), दोन-तीन यार्डाचे छोटे पास, क्यूबीला एका बाजूला पळवत नेऊन फेकायला लावणं, हे सगळं बरेचदा लाइन झाकायचे उपाय असतात. क्यूबीचा पास कंप्लिशनचा टक्का मस्त दिसतो पण टीम पुढे सरकत नाही.

रनिंग पण बघत जा. पहिल्या डाउनला पळून ४ यार्ड मिळाले की सेकंड अँड सिक्स, तिथे काहीही खेळता येतं आणि रशरला आधी रन आहे का ते बघावं लागतं. तिथेच ७ यार्डाचा सॅक झाला तर सेकंड अँड सेव्हन्टीन, आता समोरच्या सगळ्यांना माहितीये पास येणार आणि ते सुसाट सुटतात. समोरच्या टीमच्या मैदानावर, म्हणजे सिएटल, कॅन्सस सिटी अशा ठिकाणी, आवाज इतका असतो की टॅकलला क्यूबीने स्नॅपसाठी दिलेला काउंट ऐकू येत नाही, तो बॉल हलताना बघून उठतो आणि अर्धं पाऊल मागे पडतो. पब्लिक क्यूबीला म्हणतं बाहेर याची हवा निघते.

एक गोष्ट आपल्या पोरांसाठी. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला फ्लॅग फुटबॉल आहे, त्यामुळे आपल्याकडे पण कॉलेजातली पोरं तेच खेळून हा खेळ शिकणार. चांगलंच आहे. पण त्यात पाच-पाच जण असतात आणि ब्लॉकिंग नसतंच, रशर सात यार्ड लांबून पळत येतो. म्हणजे तिथे क्यूबीला वेळ किती मिळणार ते जवळपास ठरलेलं असतं, सगळ्यांना सारखंच. फ्लॅग खेळलेला पोरगा एनएफएल बघायला बसला की लाइनच त्याच्या डोक्यात नसते, त्याला पहिले हे पाच जण दाखवा.

आणि मॅचच्या आधी करायचं काम. बुधवारपासून टीमच्या इंजुरी रिपोर्ट येतात, त्यात रिसीव्हरची नावं सगळे वाचतात, तुम्ही टॅकल, गार्ड, सेंटर शोधा. किकऑफच्या ९० मिनिटं आधी कोण खेळणार नाही त्याची फायनल लिस्ट येते, नोव्हेंबरपासून रविवारची पहिली मॅच आपल्याकडे रात्री साडेअकराला असते म्हणजे लिस्ट दहाला, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता फोनवर बघता येते. लेफ्ट टॅकल बाहेर असेल तर त्याच्या जागी कोण येतोय आणि तो मूळचा कुठला आहे ते बघा, गार्डला सरकवलं असेल तर गार्डच्या जागी कोण ते पण, कारण मग दोन जागा कच्च्या झाल्या. सेंटर नवीन असेल तर पहिल्या ड्राइव्हला स्टंट आणि ब्लिट्झ नक्की येणार. पहिल्या पाच-सहा प्लेमध्ये त्या नवीन माणसाच्या शेजारी टाइट एंड उभा केलाय का आणि बॉल एकशे दोनच्या आत सुटतोय का ते बघून घ्या, दोन्ही दिसलं तर कोचने तयारी केली आहे, आणि दोन्ही नाही दिसलं, वर लांबलांब ड्रॉप चालू आहेत, तर त्या रात्री क्यूबी कोणीही असो, त्याचे हाल होणार आहेत.